खाली टॉवेल घेऊन

मोस्तार, ४ जुलै २००७

चि. दाफिनास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही.

बसमध्ये पाय सुजले होते, ते उतरले. हमदिया आणि मी फौजेत एका बराकीत होतो तेव्हा हा सगळा एकच देश होता. आता मित्राच्या घरी यायला पासपोर्टावर शिक्का लागतो. माझा शिक्का पुसट उठलाय. परत येताना अडवतील का, ते शेजारच्या मास्तरांना विचारून कळव.

हमदिया बाहत्तरीचा झाला तरी माझ्या पुढे पुढे चालतो. बायको गेल्यापासून त्याची मुलगी सेनादा येऊन स्वयंपाक करून जाते. तुझ्या मिरच्यांच्या बरण्या फुटल्या नाहीत. तू विणलेला लाल काठाचा टॉवेलही दिला. तो त्याने खांद्यावर घेऊन बघितला आणि म्हणाला, बरं झालं, ह्याचीच वाट बघत होतो. तेव्हा मला काही कळलं नाही.

गाव जुनं आणि देखणं आहे, पण गल्ल्यांतले दगड इतके गुळगुळीत की मी भिंत धरूनच चालतो. त्याने मला मशीद दाखवली, तांबटांची आळी दाखवली, जुना हमामखाना दाखवला. पण सगळं नदीच्या एकाच तीरावरचं. पावाची भट्टी पलीकडे आहे. जुना पूल घरासमोर, तरी हा मला खालच्या मोटारींच्या पुलावरून एवढा वळसा घालून नेतो. विचारलं तर म्हणे, त्या पुलाची आणि माझी अजून ओळख झालेली नाही.

मग सेनादाने मला बाजूला घेऊन सांगितलं. देश फुटला तेव्हाच्या लढाईत तोफांनी जुना पूल पाडला, तो पडताना ह्याने घराच्या खिडकीतून पाहिला. पुढे हुबेहूब तसाच बांधला, पण हा त्यावर पाय ठेवत नाही. पुलावरून नदीत उडी मारायची इथल्या पोरांची पिढ्यान्पिढ्यांची रीत, आणि तरुणपणी ह्याच्यासारखी उडी कोणाची नव्हती. ज्या पुलावरून उडी मारली नाही तो आपला कसा, असं ह्याचं म्हणणं. आणि दाफिना, ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी उड्यांची शर्यत आहे. त्या दिवशी हा उडी मारणार आहे! पूल सहा-सात मजले उंच. खाली नेरेत्वा, ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखी. रोज सकाळी नदीवर जाऊन हा अंगावर पाणी ओतून घेतो, छातीला सवय व्हावी म्हणून.

उडी मारणाऱ्याचा एक सोबती खाली टॉवेल घेऊन उभा राहतो. ह्याचे सोबती कोणी लढाईत गेले, कोणी परदेशी. म्हणून इतकी वर्षं थांबला होता. आता मी आलोय. टॉवेलही आलाय.

मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक. फौजेत असताना द्रावा नदीत बुडत होतो, तेव्हा ह्यानेच मला केसांना धरून ओढून काढलं. आता तो बुडाला तर मी काय करू, टॉवेल फेकू? उत्तर लगेच धाड. कोंबड्या नीट कोंडतेस ना?

लोभ आहेच, त्यात थोडी काळजी मिसळ.

तुझा
नाउमदादा


स्त्रुगा, ११ जुलै

ती. दादास दाफिनाचा सा. न. वि. वि. पत्र पावलं. आधी हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

शिक्क्याचं मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, नाउमला कोण अडवून ठेवतंय, त्याची कुरकुर ऐकावी लागेल. कोंबड्या मजेत आहेत. तू गेल्यापासून जास्त अंडी देतात, त्यांनाही जरा विसावा मिळाला.

हमदियाला माझा निरोप सांग की ह्या वयात पुलावरून उडी मारणाऱ्याकडे बायका बघत नाहीत, डॉक्टर बघतात. रागावला तर रागावू दे. पण तू त्याच्याशी वाद घालू नकोस. तू वाद घातलास की समोरचा हट्टाला पेटतो, हे मी जन्मभर बघतेय.

मला एक सुचतं. तिकडची माणसं पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत. तू पाहुणा आहेस. त्याला म्हण, मला जुन्या पुलावरून पलीकडे ने, एकट्याला चक्कर येते. हे खोटंही नाही, तुला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चक्कर येते. पूल एकदा पायाखालून गेला की ओळख होईल. ओळख करून घ्यायला डोक्यावरच पडावं लागतं असं कुठे आहे?

तू घाबरशील. घाबर, पण हात सोडू नकोस.

इथे सगळे तुझी वाट बघतात, कोंबड्या सोडून.

तुझी
दाफिना


मोस्तार, १९ जुलै

चि. दाफिनास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या युक्तीने घोटाळा केला.

चार दिवस धीर झाला नाही. एक पोरगा सराव करत होता, तो पाण्यावर आपटला तो आवाज फळी फुटल्यासारखा आला, आणि माझं जेवण गेलं. शेवटी काल कॉफी पिताना मागणं मागितलं. हमदियाचा पेला तोंडाशीच थांबला. म्हणाला, पाहुण्याने असलं मागू नये. मग पेला खाली ठेवून म्हणाला, मागितलंस तर देतो. शर्यतीच्या दिवशी सकाळीच, गर्दीच्या आधी, पुलाच्या मध्यापर्यंत नेईन. तिथून तू खाली उतर, मी वरून येतो.

म्हणजे आता त्याला वर पोचवणाराही मीच. सेनादा माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. तुझा डॉक्टरचा निरोप सांगितला, तर हसून म्हणाला, दाफिना अजून तशीच का?

देवळात माझ्या नावाने नको, त्याच्या नावाने मेणबत्ती लाव. तो मुसलमान आहे, पण देवाला सांग की निकड आहे.

काळजीत असलेला
दादा


मोस्तार, ३० जुलै

चि. दाफिनास अनेक आशीर्वाद. वि. वि. काल रविवार झाला. पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच रडायला बसू नकोस.

सकाळी निघालो. टॉवेल माझ्या खांद्यावर. पुलाचा चढ उभा, घसरू नये म्हणून दगडाच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या पावलाने चालला. मध्यावर थांबला, कठड्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, दगड तसाच तापतो.

नंतर त्याने मोकळ्या हाताने सदरा डोक्यावरून ओढला, तो मी धरलेल्या हातावर लोंबत राहिला, आणि मला म्हणाला, जा आता खाली. मी जायला हवं होतं. पण दाफिना, कठडा कमरेएवढाच, खाली ते हिरवं पाणी, आणि माझी बोटंच उघडेनात. प्रेमाने नव्हे, भीतीने. तो म्हणाला, सोड की गाढवा, लोक बघताहेत. मी म्हटलं, सुटत नाही. तो ओरडला, मी डोळे मिटले.

मग त्याने विचारलं, पोहायला शिकलास का रे मधल्या काळात? नाही म्हणालो. मी बुडालो तर काय करशील, असं त्याने विचारलं. तुला विचारला होता तोच प्रश्न, उत्तर अजून सापडलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं की मागून येईन.

तो म्हणाला, म्हणजे आधी मला तुलाच काढावं लागणार, आणि आता तुला धरायला केसही नाहीत.

त्याने सदरा चढवला, उलटा. आम्ही पलीकडे उतरलो, भट्टीवर जाऊन गरम पाव घेतला आणि त्याच पुलावरून परत आलो. आम्हाला त्या बाजूने पाव खात येताना पाहून सेनादा दारातच खाली बसली. आता ती बोलते. जरा जास्तच बोलते.

दुपारी शर्यत बघितली. तो प्रत्येक उडीला नावं ठेवत होता.

शुक्रवारच्या बसने निघतो. टॉवेल परत मागितला नाही. तो त्याने घडी करून कपाटात ठेवलाय, पुढच्या वर्षीसाठी म्हणे. म्हणजे पुढच्या जुलैत मला पुन्हा यावं लागणार, हात धरायला. शिक्क्याचं मास्तरांना पुन्हा एकदा नीट विचार.

लोभ ठेव, कोंबड्यांनाही सांग.

तुझा
नाउमदादा