विश्वकोशाचा अकरावा खंड आणि आपली शिडी

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा जमिनीवर उभं राहून नमस्कार (यापुढे माझे सगळे व्यवहार जमिनीवरूनच होतील). इकडे ठीक आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. लेक तुझी वेळेवर शाळेत जाते, फक्त वेणी मी घालत असल्यामुळे मैत्रिणींना ती पटकन ओळखू येत नाही. तिकडे भाऊजींच्या पायाचा अंगठा हलला का? डॉक्टर टाचणी टोचतात आणि हे नुसते छताकडे बघत राहतात, असं तू म्हणालीस. छताकडे बघायची त्यांची खोड जुनीच आहे, तेवढ्यावरून घाबरू नकोस. (मी घाबरलोय, ते दोघांना पुरेल.)

नेमकं काय झालं, हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी हवापाण्यावर घसरलो, म्हणून आता लिहितो. आपली शिडी तुला माहीत आहे. अ‍ॅल्युमिनियमची, तुझ्या लग्नाआधीपासूनची, एक पाय चार बोटं तोकडा. विजेच्या कामाला धातूची शिडी घेऊ नये, हे भाऊजी गिऱ्हाइकांना याच शिडीवर उभे राहून समजावून सांगत. तोकड्या पायाखाली आम्ही विटा ठेवल्या, पाट्या ठेवल्या, एका दंतवैद्याकडे तर प्लास्टरची कवळी ठेवली (ती वाकडी होती म्हणून शिडी सरळ झाली). लाज कसली, आम्हाला अभिमानच वाटायचा. आठ वर्षं आमचं एकच शास्त्र. वर चढले की ते विचारणार, "धरली?" आणि मी खालून म्हणणार, "धरली." मी झोपेतही हे ओरडायचो, तूच हलवून उठवायचीस.

त्या दिवशी काम वाचनालयात होतं. छत उंच, शिडी काही पोचेना. मग ती वाचकांच्या मोठ्या टेबलावर चढवली. मेन बंद करायचा तर पंखे बंद होतात, वाचक कुरकुर करतात, म्हणून ग्रंथपालबाई नको म्हणाल्या आणि आम्हीही फार ताणून धरलं नाही. तोकड्या पायाखाली विश्वकोशाचा अकरावा खंड बरोब्बर बसला. पण बाई काटेकोर, सभासद नसलेल्याला पुस्तक देत नाहीत. त्यांनी मला उभ्या उभ्या सभासद केलं, खंड माझ्या नावावर चढवला, वेळ लिहिली (दहा पंचवीस) आणि सही घेतली. पानं दुमडू नका, असंही बजावलं. त्या पानांवर आता नव्वद किलोचा माणूस चढणार होता.

भाऊजी अगदी वरच्या पायरीवर गेले. तिथे उभं राहू नये असं शिडीवरच छापलंय, पण ती अक्षरं त्यांच्याच चपलांनी कधीच पुसली गेली आहेत. हात चालू वायरीला लागला. झटका बसला, शिडी हलली. खंडाला बाईंनी हौसेनं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं, त्यावरून पाय सटकला, आणि भाऊजींची पाठ टेबलाच्या कडेवर आली. आवाज फार मोठा झाला नाही गं. एका वाचकानं तर नुसतं "शांतता राखा" म्हणून पान उलटलं. आणि ताई, मी हसलो. मला वाटलं, ते शिव्या घालत उठतील. मी बराच वेळ त्या शिव्यांची वाट बघत होतो.

असो. तू वेळेवर जेवत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र तुझ्या नणंदबाईंच्या हाती पाठवतोय, कारण गुरुवारच्या आत पोचायला हवं. गुरुवारी तपासणीचे साहेब भाऊजींची सही घ्यायला येणार आहेत. धाकट्याला वायर आणायला बाहेर पाठवलं होतं, मी आपणहून एकटाच चढलो, असा जबाब भाऊजींनी दिलाय. आणि एकटे चढलातच कशाला म्हणून तू त्यांना रोज फैलावर घेतेस, हेही कळलं. ते आजपासून बंद कर. त्यांना सही करू देऊ नकोस.

आणखी एक. तो जबाब ग्रंथपालबाईंच्याही कानावर गेलाय. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वहीतलं ते पान मी काढून टाकते, तुमचं नाव कुठेच राहणार नाही. बावीस वर्षांत त्या बाईंनी एक ओळ खोडलेली नाही. मी दोन दिवस हो म्हणावं की नाही, याचा विचार करत बसलो (हे तुला ठाऊक असावं). मग नको म्हणालो. पानाची नक्कल सोबत आहे, ती साहेबांना दे.

शेवटचं. मी वायर आणायला गेलो नव्हतो. वीस पावलांवर वर्तमानपत्रांच्या फळीपाशी उभा होतो, शब्दकोडं सोडवत. भाऊजींनी नेहमीसारखं विचारलं. मी मान वर न करताच म्हणालो, "धरली."