सहाव्या खाटेची नाडी

३ मार्च २०२५, सोमवार

राजारामपुरीत सातव्या गल्लीत खोली मिळाली. पहिला मजला, खिडकीत सकाळचं ऊन, खाली झेरॉक्सचं दुकान. बंगळुरात सात वर्षं काढल्यावर ऑफिसला सहा मिनिटांत चालत पोचता येतं, यावर अजून विश्वास बसत नाही. घरमालकीण बाळाबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. माझ्या बॅगा वर चढेपर्यंत त्यांनी गाव, पगार, लग्न सगळं विचारून घेतलं. गडहिंग्लजकडची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आमचीच की गं शिवा. मावशी म्हण मला." जेवायला खालीच बोलावलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर दही. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

कंपनीत आम्ही सहा जण. हॉस्पिटलात प्रत्येक खाटेशेजारी नाडी दाखवणारा मॉनिटर असतो. त्या सगळ्यांचे आकडे गोळा करून नर्सच्या टेबलावरच्या एका पडद्यावर दाखवणारा डबा आम्ही बनवतो. डब्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममधलं नेटवर्कचं कोड आता माझ्याकडे आहे. कंपनी चालवणाऱ्या उदयसिंह सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कधी कधी पडद्यावर चुकीचा आकडा येतो, का ते कुणाला सापडलेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

सापडलं, म्हणजे चुकीची जात सापडली. डेटा रेस. डब्याच्या प्रोसेसरला चार कोअर आहेत. एक कोअर आलेला आकडा स्मृतीतल्या एका खणात ठेवतो, दुसरा तो उचलून पडद्याकडे पाठवतो. दोघांनी एकाच क्षणी एकाच खणात हात घातला की काय बाहेर येईल याचा नेम नाही. मध्ये कुलूप हवं. जुन्या कोडमध्ये किती ठिकाणी ते राहून गेलंय, देव जाणे.

मावशींना जेवताना हेच सांगत होते. त्या म्हणाल्या, "व्हय, दोन जावा एकाच आमटीत मीठ घालत्यात, तसं." सात वर्षांत मला कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

अकरा रेस सापडल्या, नऊ दुरुस्त केल्या. एका ठिकाणी कुलूप घातलं की डबा मंदावतो आणि दुसरीकडे नवीन चूक उघडी पडते. शिवाय रेस शोधणारं साधन चालू केलं की त्याच्या ओझ्यानं सगळं सावकाश होतं आणि चूक होतच नाही. साधन बंद केलं की परत होते. बघत राहिलं तर काही नाही, नजर वळली की आहेच.

डोळ्यांची आग होते. मावशींनी गार दुधाच्या घड्या ठेवायला दिल्या. जिना चढताना त्यांना धाप लागते. डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर हसतात.

१७ मार्च, सोमवार

आमचा डबा ज्या हॉस्पिटलात बसवलाय, तिथून क्रांती सिस्टरांचा फोन आला. तिथल्या हृदयविभागात दिवसपाळीला त्या असतात. सहा नंबरची खाट रिकामी, वायरी हुकाला टांगलेल्या, बाजूचा मॉनिटर बंद, आणि टेबलावरच्या पडद्यावर सहा नंबरला नाडी बाहत्तर. मी जाऊन पाहिलं. खरंच बाहत्तर.

त्या खाटेवर अंबूबाई म्हणून निपाणीकडच्या एक कानडी बाई होत्या. शुक्रवारी वारल्या. मी त्यांच्या फाइलमधली ईसीजीची पट्टी काढून ताडून पाहिली. त्यांच्या नाडीची खोड होती, अकरा ठोके पडायचे आणि एक चुकायचा. पडद्यावर आकड्याशेजारी लुकलुकणाऱ्या ठिपक्यातही अकरा पडतात आणि एक चुकतो.

क्रांती सिस्टरांना सांगितलं की खण पुसायचा राहिलाय, जुना आकडाच परत परत येतोय. त्यांना पटलं. मलाही.

१८ मार्च, मंगळवार

उरलेल्या दोन्ही रेस दुरुस्त केल्या. नवीन कोड घालून डबा बंद करून चालू केला. सहा नंबरला बाहत्तर.

मग आठवलं, आणि तिथं खुर्चीवर बसूनच राहिले. डबा शनिवारीही एकदा बंद करून चालू केला होता. बंद केल्यावर स्मृती कोरी होते. तिथं जुनं काही उरूच शकत नाही. डिस्कवर हे आकडे लिहिलेच जात नाहीत, ते तीनदा तपासलं.

१९ मार्च, बुधवार

शोधायचं साधन आज पहिल्यांदा बोललं. सहाव्या खाटेचा खण. वाचणारा कोअर तीन. खणातला आकडा वाचता वाचता बदललाय, पण बदलणारा कोण, तर अज्ञात. साधन असं म्हणतं कधी कधी. यंत्राचा एखादा भाग सरळ स्मृतीत लिहितो, तेव्हा.

मी असे सगळे भाग एकेक करून बंद केले. तरी अज्ञात.

सरांना सांगितलं, डबा काढून आणा. ते म्हणाले, सोमवारी बदली डबा येतोय, तोवर बारा खाटांवर दोन सिस्टर आहेत, पडदाच नसला तर त्या काय करतील? चूक नव्हतं त्यांचं. तेही दमलेत. सहा नंबर खाट तेवढी रिकामी ठेवा, असं क्रांती सिस्टरांना कळवलं.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी मावशी जिन्यात बसलेल्या दिसल्या. घामानं भिजलेल्या, छातीवर हात. रिक्षानं नेलं. जवळचं तेच हॉस्पिटल. एकच खाट शिल्लक होती.

मी नको म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, मग कुठं, जमिनीवर?

बाजूच्या मॉनिटरवर मावशींची नाडी एकशे चार, खरी. टेबलावरच्या पडद्यावर बाहत्तर. क्रांती सिस्टरांना हात जोडून सांगितलं, पडद्याकडे बघू नका, खाटेकडे बघा. त्यांनी दर दहा मिनिटांनी येऊन पाहिलं.

दुपारी मावशींना बरं वाटलं. म्हणाल्या, "एवढंसं तोंड करून का बसलीस? मला काय हुतंय." लेक पेठ वडगावला असते, तिला फोन लावला.

२२ मार्च, शनिवार. सकाळी दहा

खाटेशेजारीच बसलेय. बाजूचा मॉनिटर एकशे दोन. शहाण्णव. नव्वद.

डॉक्टर खूश आहेत. म्हणाले, नाडी खाली येतेय, औषध लागू पडलं.

साडेअकरा

बाहत्तर. बाजूच्या मॉनिटरवर.

आमचं कोड त्या मॉनिटरमध्ये नाही. तिथून आकडा फक्त बाहेर येतो, आत काही जात नाही. जाऊच शकत नाही.

मनगट धरून बोटांनी मोजलं. अकरा पडले. एक चुकला.

बारा वाजून गेले

सगळ्या वायरी मीच काढल्या. क्रांती सिस्टर ओरडल्या, मग माझं तोंड बघून मागं सरल्या. डब्याची वायरही उपटली. मनगटाखाली तसंच. अकरा आणि एक.

मावशींनी डोळे उघडले. पाणी मागितलं. "नीर कोडव्वा." आमच्या घरी आज्जी असंच मागायची, म्हणून मी सहज पेला पुढं केला. मग लक्षात आलं.

मावशींना कानडी येत नाही.

एक वाजता

कधी मावशी असतात. विचारतात, गॅस बंद केलास का. कधी नसतात. मधे काही नाही — एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. लेक निघालीय, अजून वाटेत. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे, वयामुळं होतो.

मी एवढी दमलेय की —

डोळे मिटायचे नाहीत. बघत राहायचं.

दोन

श्वास जड. क्रांती सिस्टर डॉक्टरांना आणायला धावल्या. माझा डावा हात मावशींच्या मुठीत, उजव्यानं लिहितेय, नाहीतर झोप —

मावशी म्हणाल्या, स्वच्छ, "शिवा, सोडू नगंस मला."

नाही सोडत, म्हटलं.

लगेच, त्याच श्वासात, कानडीत — सोड म्हणतेय. एवढ्या दिवसांनी जागा मिळालीय, सोड.

मूठ घट्ट होतेय. आणि ढिली. दोन्ही एकदम, एकाच खणात दोघींचे हात. कुणाचा हात धरलाय मी, कुणाचा सोडला तर कोण —