भिंतीवरचं अक्षर

३ ऑगस्ट

ती. बाबांना ठकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पत्रात तुम्ही तब्येतीचं लिहीत नाही, मग माणसानं करायचं तरी काय? पेन बिघडलंय म्हणता, तर नवं घ्या की.

इकडे एका भुताच्या सिनेमाच्या पोस्टरने माझा जीव खाल्लाय. नाव ‘परत ये’. अंधारं घर काढलं, उजेडाची एकच खिडकी ठेवली, तोंडावर ओले केस घेतलेली बाई उभी केली. दिग्दर्शक म्हणाले, सगळं नेहमीचंच आहे, पण चालेल. अक्षरं मात्र चालणार नाहीत. लाल ओघळ सोडलेली अक्षरं बघून त्यांना हसूच आलं. लिहिणाराच घाबरलाय असं वाटलं पाहिजे म्हणे! तीन दिवस डोकं फोडलं आणि काल मिळाली. कुठून आणली ते सांगत नाही. तुमच्या चौकातल्या थिएटरवर पोस्टर लागेल, तेव्हा ओळखा. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला जड जाऊ नये.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

तुमची ठकी

१९ ऑगस्ट

चि. ठकीस आईचे अनेक आशीर्वाद.

काय करून बसलीस गं बाई? परवा तुझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हौसेने पोस्टर बघायला गेले आणि आले ते शर्टही न बदलता आडवे झाले. चहा नको, जेवण नको. शेवटी मीच जाऊन बघून आले. दर पत्राच्या शेवटी ते तुला ‘लवकर परत ये’ लिहितात, त्यातलं ‘परत ये’ उचलून तू त्या केस पिंजारलेल्या बाईच्या डोक्यावर लावलंस? वरची रेघ कशी लटलटतेय ते रस्त्यापलीकडून दिसतं. फूटपट्टी न लावता बारा फुटांची रेघ एका दमात ओढणारा माणूस तो!

तेव्हापासून त्यांनी पेन हातात धरलेलं नाही. किराण्याची यादीसुद्धा मला लिहायला लावली. ब्रश कागदात बांधले आणि कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. काय होतंय विचारलं की अंगावर येतात. मी रागवू की रडू? तूच लिही त्यांना.

खाण्यापिण्याकडे लक्ष दे. आमच्याकडेही असू दे.

आई

२३ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न.

आईचं पत्र वाचलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. बाबा, मी चुकले. तुमचं अक्षर कापतंय हे मला दिसलं होतं. पण मनात पहिलं आलं ते ‘वा, मिळालं!’ तुम्हाला काय होतंय हे मनाला शिवलंही नाही, याची फार लाज वाटते. मला वाटलं, तुम्ही ओळखाल, हसाल, चोरटी म्हणाल.

पुढच्या महिन्यात दुसरी छपाई आहे. नको म्हणालात तर अक्षरं काढून टाकते, दिग्दर्शकांचं काय ते मी बघेन. फक्त एक ओळ का होईना, तुम्ही स्वतः लिहा. आईच्या हातून निरोप नको.

राग आला असला तरी आपलीच समजा.

ठकी

३० ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीन दिवस लिहितोय, तेव्हा नीट वाच. ‘प’चं पोट तू कापून बारीक केलंस. मी तसं काढत नाही. चोरायचं तर नीट चोरावं.

हात गेल्या वर्षापासून हलतोय. कप दोन्ही हातांनी धरतो; तुझ्या आईला वाटतं, चहा गरम असतो. पेनला नावं ठेवून दिवस काढत होतो. त्या भिंतीसमोर काय सांगणार? शेजारी उभी असलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, नुसतं नाव वाचूनच अंगावर काटा येतो. मला तिच्याआधीच आला होता.

तुझा राग आला, नाही कशाला म्हणू? पण रागापेक्षा भीती मोठी आहे, ठके. हात गेला तर मी कोण, ते मला ठाऊक नाही. पोस्टर बदलू नकोस. तू बदललंस म्हणून मला दिसायचं थांबणार नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आईला न सांगता. तिथे म्हणे कागदावर गोल गोल काढून दाखवायला लावतात. लग्न झाल्यापासून मी शिडीवर आणि ती खाली उभी राहून बघणार, असं चाललंय. तिच्यासमोर मला ते गोल काढता येणार नाहीत. तुझ्यासमोर काढीन.

लोभ आहेच, तो वेगळा कळवत नाही.

बाबा