बसल्याचा पुरावा

त्रिशूर,
२६ सप्टेंबर २०१६

प्रिय फिलोमिनाचेची,

नमस्कार. तू, जोसचेट्टन आणि मुलं सगळी खुशाल असाल. तुझा पत्ता आपल्या साड्यांच्या दुकानातल्या रजिताकडून मिळाला. तिची मावशी चालकुडीला तुझ्याकडूनच ब्लाउज शिवून घेते. हाताला अजून तीच सफाई आहे म्हणाली, ऐकून बरं वाटलं. आमचं ओणम पार पडलं एकदाचं. सोनेरी काठाच्या कसवू साड्यांच्या गर्दीने यंदाही जीव काढला.

सात वर्षांनी हिला माझी आठवण कशी झाली, असं म्हणशील. म्हण, तुझा हक्क आहे.

मला आमवात झालाय, दोन वर्षं झाली. सकाळी बोटं वळत नाहीत. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरते. वेणी विजयन घालतो, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही रोज वाकडी घालतो. दुपारी जरा सुटल्यासारखं वाटतं, तोवर उभं राहून राहून गुडघे सुजतात. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, दर तासाला दहा मिनिटं बसू द्यावं. दहा मिनिटं गं! मी काय पलंग मागितला होता?

सुधाकरन साहेब अजून मॅनेजरच आहेत. त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं. म्हणाले, "आमवात माझ्या आईला आहे. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. तुम्हाला चाळिशीत कुठून आला?" जसा काही मी तो त्यांच्या आईकडून चोरून आणला!

"साहेब, गिऱ्हाईक आलं की उठेन ना मी."

"आणि नाही आलं तर बसूनच राहणार? बसलेली बाई दिसली की लोकांना वाटतं, दुकान चालत नाही."

महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे स्टूल मिळालं. ते कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर, गोदामात. लिफ्ट गिऱ्हाइकांसाठी, तुला ठाऊकच आहे. म्हणजे गुडघे दुखतात म्हणून तीन जिने चढा, दहा मिनिटं टेका आणि तीन जिने उतरा. शिवाय रोज कोणी ना कोणी दुखण्यावर तेल सुचवतं. आता तेलाचं नाव काढलं तरी मी भडकते. शेवटी सरळ कामगार कार्यालयात अर्ज टाकला.

तिथे मागच्या मंगळवारी सुनावणीला साहेबांनी अधिकारी बाईंपुढे एक फोटो ठेवला. ओणमला दुकानाच्या दारात आपण फुलांच्या रांगोळीचं पूक्कळम घालतो ना, त्याचा. वर्षातून तेवढा एकच दिवस आपल्याला दुकानात बसता येतं. पोरी पहाटे धावत येतात त्या फुलांसाठी थोड्याच येतात! मीही बसले, मांडी घालून, झेंडूच्या पाकळ्या सोडवत, दोन तास. फोटोत दात काढून हसतेय.

"बघा मॅडम," साहेब म्हणाले, "जी बाई दोन तास मांडी घालून बसू शकते, तिला कसला आजार?"

मी ओरडलेच. "बसता येतं म्हणूनच तर बसायला मागतेय ना! उभं राहवत नाही म्हटलंय मी!" पूक्कळम झाल्यावर मला रजिताने आणि वॉचमनने काखेत हात घालून उठवलं, त्याचा फोटो कोणी काढला नाही. अधिकारी बाई हसल्या. वाटलं, जिंकले.

मग साहेबांनी दुसरा कागद काढला.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं, चेची. सांगूनच टाकते. तू कंबर धरून स्टूल मागितलंस, तेव्हाचा तो कागद. 'उभं राहून काम करण्याचा आम्हाला कोणालाही त्रास नाही. तक्रार करणाऱ्यांना कामाचाच कंटाळा आहे.' तुला वाटत होतं, साहेबांनी धाक दाखवून सह्या घेतल्या. धाक नव्हता गं. ते नुसतं म्हणाले, "तंकमणी, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं, सही केली, आणि बाकीच्या चौदाजणींकडे मीच फिरवला. मला रेशमी साड्यांचं काउंटर हवं होतं. मिळालं. तुला काढलं तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले, तिला शिवणाचाच नाद होता, स्वतःहून गेली.

अधिकारी बाईंनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?" मी म्हणाले, आठवत नाही. लाज वाटते सांगायला.

पुढची तारीख ४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा. मी सांगणार आहे, अक्षर माझं आणि मजकूर खोटा. साहेबांनी आधीच बजावलंय, "खोटं लिहून देणारी बाई आम्ही ठेवायची कशाला?" विजयन म्हणतो, आठवत नाही म्हणालीस ना, मग तेच धरून बस, नोकरी तरी राहील. पण उद्या रजिताची कंबर गेली की तिलाही हाच कागद दाखवतील, आणि खाली माझंच नाव असेल.

जमलं तर ये. माझ्या बाजूने बोलू नकोस, ते मागायला मला तोंड नाही. तुझ्या वेळी काय झालं तेवढंच सांग. अधिकारी बाई मला बसा म्हणाल्या तरी तुझं मी उभी राहूनच ऐकेन.

तुझ्याविरुद्ध पहिली सही करणारी,
तंकमणी