पाकिटावरचा मजकूर

पनवेल,
रविवार, ११ जानेवारी २०१५

चि. वेणूस,

धर्मादादाचे अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. पाव्हण्यांचा गुडघा थंडीत पुन्हा दुखायला लागला असेल, तर त्यांना म्हणावं, चालणं सोडू नका. इकडे मी आणि तुझी वहिनी गोदू ठणठणीत. तुझा भाचा हितेश बंगळूरला त्याच्या कंपनीत रमला आहे. दिवाळीला आला तेव्हा माझ्या हातात एक मोठ्या पडद्याचा फोन ठेवून गेला. या पत्राचं अर्धं कारण तो फोन आहे. उरलेलं अर्धं पुढे येईल. येऊ दे.

वेणू, मी ऑनलाइन झालो!

हस. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून, पाचशेच्या वर भाषणं ठोकून, जमिनीच्या आंदोलनात लाठ्या खाऊन तुझा भाऊ आता सकाळी दात घासायच्या आधी फोनवर चपलांचे भाव बघतो. पण मी तुला सांगतो, ही लहान गोष्ट नाही. पूर्वी चांगली वस्तू पाहिजे तर मुंबई गाठावी लागायची, आणि तिथला दुकानदार आपल्या पायातल्या वहाणा बघून ठरवायचा की कपाटातला कुठला खण उघडायचा. आता तो खण मीच उघडतो! कोणी माझे पाय बघत नाही, माझी बोली ऐकून हसत नाही. पोर्टात कंटेनर उचलणारा माणूस आणि बंगल्यातला साहेब, दोघांना एकच भाव, एकच फोटो. या विषयावर मी तासभर बोलू शकतो. गोदूसमोर बोललोही. ती मटार सोलत होती. शेवटी म्हणाली, "झाला काय? मंग ह्या साली उचला."

पहिली खरेदी कॉफीची. आपल्या घरात कॉफी म्हणजे आजारी माणसाचं पेय, हे मला ठाऊक आहे. पण मी वाचलं की जगातल्या निम्म्या क्रांत्या कॉफीच्या दुकानात बसून आखल्या गेल्या, आणि म्हटलं, आपण मागे का? एक काचेचं उभट भांडं मागवलं, त्यात मधोमध दट्ट्या. भुकटीवर गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं, दट्ट्या हळूच खाली दाबायचा. मी ते भांडंच गॅसवर ठेवलं. असा आवाज झाला की शेजारचा विठू धावत आला. त्याला वाटलं, सिलिंडर फुटला. दुसरं भांडं मागवलं आणि या खेपेला सूचना वाचल्या. जी कॉफी झाली, वेणू! काळी, कडू, डोक्यात दिवा लावणारी! गोदूने एक घोट घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "ह्यो काढा तुमीच प्या. मना चाय हाय."

मग कानात घालायचे बोळे आले, त्यातून मी जुनी भाषणं ऐकतो. मग पाठीला लावायचा बिजलीचा शेक. मग खाऊ! दक्षिणेतल्या कुठल्याशा गावची केळ्याचे वेफर, गुजरातचे खाकरे, विदर्भातल्या एका बाईचे डिंकाचे लाडू. प्रत्येक वस्तूखाली आपलं मत लिहिता येतं हे कळल्यावर तर मला राहवेना. कानातल्या बोळ्यांवर मी जे लिहिलं ते इतकं लांबलं की फोनने अर्ध्यात थांबवलं. दोन भागांत टाकलं. सत्तावीस लोकांनी कळवलं की मत उपयोगी पडलं. सत्तावीस! तोंड न बघितलेली माणसं!

त्या बाईच्या लाडवांखाली चारशे बारा मतं होती. तिचाही फोटो होता. चुलीपुढे बसलेली, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे जरा घाबरून बघणारी. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. गोदू मागून आली, फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "सगली दुनिया खाल्ली तुमी. येक वेणूची बोरं सोडून."

मी फोन उलटा ठेवला.

आता ते दुसरं अर्धं. आधी गोदामाची गोष्ट सांगतो, कारण तिथूनच हे पत्र सुरू झालं.

डिसेंबरात मी पुस्तकं मागवली. पत्ता लिहायच्या जागी मी लिहिलं होतं: 'धर्मराज गुरुजी, पनवेल. कोणीही सांगेल.' तुला हसू येईल, पण मी ते पूर्ण विश्वासाने लिहिलं होतं. आधीच्या दुकानात पत्ता हितेशने भरून ठेवला होता, या नव्या दुकानात मी स्वतः भरला. चार दिवसांनी फोन आला. कुरिअरवाला म्हणाला, "काका, स्टँडवर विचारलं, मार्केटात विचारलं, एका शाळेतसुद्धा विचारलं. कोणाला माहीत नाही. पार्सल कामोठ्याच्या गोदामात आहे, येऊन घेऊन जा." ज्या गावात मी चाळीस वर्षं घसा फोडला, त्या गावात मला कोणी ओळखत नाही! मी चिडून रिक्षा केली.

गोदामात रांग होती. माझ्या पुढे एक मुलगी चपलांचा खोका परत करायला उभी होती. ती वळली. तुझी कोमल. तीन वर्षांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. माझ्या हातातली पावती बघितली, मग माझं तोंड.

"मामा? तुम्ही? ऑनलाइन?"

"पुस्तकं आहेत," मी म्हणालो. जणू काही चोरीचा माल नव्हे असं सांगत होतो.

"बरं. म्हणजे आमचं कुरिअर होतं ती लाज विकणं, आणि तुमचं कुरिअर ते वाचन. नोट करून ठेवते."

लोक ऐकत होते. मला विषय बदलावा लागला. वेणू, मला! ज्याला चालत्या सभेत कोणी चिठ्ठी पाठवली तर ती चिठ्ठीच त्याच्या तोंडावर मारता येते, त्या मला! मी म्हणालो, "आई कशी आहे?"

ती पुढे वळली. तिचा खोका घेतला गेला, तिची पावती झाली. मग जाता जाता थांबली आणि जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. "पाकिटावरचा मजकूर तुम्ही लिहिला होता हे आईने आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मेळाव्याच्या दिवशी मी उठून माईक घेणार होते. तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, 'त्याची भाषणं बंद होतील. मंग तो जगल कशावर?'"

मी रिक्षात बसलो तेव्हा पुस्तकं गोदामातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी गोदूला पाठवून आणली. अजून ती उघडली नाहीत.

म्हणून आता जे मी तीन वर्षं फिरवून, टाळून, कधी तत्त्वाचं नाव देऊन झाकलं, ते सरळ लिहितो.

आपली बोरं. तांदळाचं पीठ आणि गूळ, दोन्ही तळव्यांत वळून तळलेली. हळदीच्या आधी सगळ्या बाया ओसरीवर बसून गात गात वळतात, आणि लग्नघरातून ती पदरात पडतात. कोणी विकत घेत नाही, कोणी विकत नाही. हे मी व्यासपीठावरून सांगितलं ते खोटं नव्हतं. पण कोमलने जेव्हा संगणकावर पान काढून ती विकायला घेतली, तुझ्या ओसरीवर सात बाया कामाला बसल्या, त्यातल्या जनीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचं लुगडं घेतलं, तेव्हा त्या पाकिटावर छापायला ओळ कोणी दिली? मी. तुझ्याच ओट्यावर बसून, ताटलीतली बोरं खात, मी ती लिहिली: 'लग्नघराची गोडी, आता तुमच्या दारी.' मला ती आवडली होती. मी मोठ्याने दोनदा म्हणून दाखवली होती. तू म्हणालीस, "दादा, तुजा नाव घालू काय खाली?" मी म्हणालो, नको, मी असल्या गोष्टीला नाव देत नाही. तेव्हाच कळायला हवं होतं तुला. किंवा मला.

चार महिन्यांनी आपल्या समाजाचा मेळावा. दुपारची वेळ, मागे जेवणाच्या पातेल्यांचा वास सुटलेला, खुर्च्या रिकाम्या होत होत्या. माझ्या आधी एका तरुण पुढाऱ्याने नुसत्या आरोळ्यांवर मैदान हलवलं होतं. मी जमिनीवर बोललो, शिक्षणावर बोललो, बंदरातल्या नोकऱ्यांवर बोललो. एक टाळी नाही. पुढच्या रांगेतला माणूस जांभई देत होता, त्याचं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि मग माझ्या तोंडातून निघालं, "अरे, जमीन तर गेलीच! आता आमच्या आयाबहिणी लग्नाची बोरंसुद्धा खोक्यात घालून कुरिअरने विकायला लागल्या! ही बोरं नाहीत, ही आपली लाज आहे!"

मैदान उठलं. वेणू, अशा टाळ्या मला आयुष्यात पडल्या नव्हत्या. त्या चालू असताना मला तू दिसलीस, बायकांच्या बाजूला. तू पदर सारखा केलास आणि शेवटपर्यंत बसून राहिलीस. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज कुठे होती? सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्या सात जणींच्या नवऱ्यांनी त्यांना ओसरीवर पाठवलं नाही. तुमचं काम महिन्याच्या आत थांबलं. कोमल न्हावा शेव्याच्या एका कचेरीत कागद भरायला जाऊ लागली. आणि मी गावोगाव तेच वाक्य आणखी सहा वेळा वापरलं, कारण ते चालत होतं.

माझं मत होतं म्हणून मी ते बोललो, असं मी गोदूला सांगितलं, हितेशला सांगितलं, स्वतःला सांगितलं. माझं मत नव्हतं. जांभई देणाऱ्या एका माणसाला जागं करायला मी माझी बहीण वापरली. एवढंच ते आहे. याला दुसरा शब्द मी शोधला, माझ्याकडची सगळी पुस्तकं उलटली, मिळाला नाही.

फोन का केला नाही, तर फोन केला असता तर मी बोललो असतो. मी बोलायला लागलो की सुंदर बोलतो, आणि तू विरघळली असतीस. मला ते नको होतं. कागदावर माझा आवाज चढत नाही.

या २५ तारखेला पुन्हा मेळावा आहे. मुख्य वक्ता मी. विषय माझ्यावर सोडला आहे. मी ठरवलं आहे, आणि ठरवल्यापासून मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतं आहे, सकाळपासून तीन कप कॉफी झाली आहे! मी उभा राहून सांगणार, की ती ओळ मी लिहिली होती, ती बोरं मी खाल्ली होती, आणि तुमच्या टाळ्यांसाठी मी खोटं बोललो. माझ्याबद्दलचं हे मी बोलणारच, मैदान रिकामं झालं तरी. पण तुझं नाव, त्या सात बायांची नावं, ओसरीचं काम, ते तुझं आहे. मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं. या वेळी विचारतो. घेऊ का? नको म्हणालीस, किंवा काहीच कळवलं नाहीस, तर त्यातलं अक्षर निघणार नाही.

काम पुन्हा सुरू कर असं मी म्हणत नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही. कोमलला म्हणावं, ती गोदामात जे बोलली ते बरोबर होतं. तिने अजून दोन वाक्यं वाढवायला हवी होती.

भाषण मी लिहून काढलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा लिहून. २५ ला सकाळी आठ वाजता तुझ्या दारात येतो. दार उघडलंस तर तुला आधी वाचून दाखवीन, आणि जे वाक्य नुसतं टाळीसाठी आहे असं वाटेल त्यावर काट मार, मी वाद घालणार नाही. दार नाही उघडलंस तर हाक मारणार नाही. कागद पायरीवर दगडाखाली ठेवून मैदानाकडे जाईन.

भाषणाशिवायही तुझाच भाऊ,
धर्मा