हार्लनच्या पिस्तुलाची फ्रेम

मी, व्हर्ना लू ट्रिम्बल, वय एकाहत्तर, धंदा बंदूक-पिस्तूल दुरुस्ती, राहणार टल क्रीक, आर्कान्सा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझं काळीज थकलं आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. हे कोणी धाक दाखवून लिहून घेतलेलं नाही. मला धाक दाखवणारा एकच माणूस होता, आणि त्याला चर्चच्या मागे पुरून बत्तीस वर्षं झाली. यापूर्वी मी जे काही लिहून ठेवलं असेल ते रद्द समजावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी एस्टस गॅरेट यांनी करावी. माणूस चेंगट आहे, पण खोटं बोलत नाही.

कलम २. कानशी, हातोड्या, ड्रिल मशीन, सगळी हत्यारं तालुक्याच्या तंत्रशाळेला द्यावीत. तांब्याच्या तोंडाची लहान हातोडी मात्र देऊ नये. ती माझ्यासोबत शवपेटीत ठेवावी. कारण कलम ३ मध्ये आहे.

पाद्री ओडेल यांना काहीही देऊ नये. १९८५ साली माझ्या नवऱ्याने, हार्लनने, माझा जबडा मोडला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, "घरी जा, व्हर्ना. त्याला राग येईल असं वागू नकोस." पुढच्या वर्षी हार्लन मेला, तर हेच गृहस्थ व्यासपीठावरून सांगू लागले की देवाने पिस्तूल अडकवलं. देवाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

कलम ३. आता खरं काय ते.

हार्लनला त्याच्या लष्करातल्या सार्जंटकडे होतं तसं जुन्या घाटाचं पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल हवं होतं. आयतं घ्यायचं नाही, एकेक भाग निवडून बांधायचं. फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, त्याने बंदुकांच्या प्रदर्शनात घेतली. तिच्यावर नंबर असतो, म्हणून फॉर्म भरावा लागला, ओळखपत्र दाखवावं लागलं. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, दुसऱ्याच कारखान्याची, ती पोस्टाने आली, बुटांचा जोड यावा तशी. कायद्याच्या लेखी फ्रेम म्हणजेच पिस्तूल. बाकी सगळं नुसतं लोखंड.

दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत सरळ बसत नाहीत. हार्लन म्हणाला, "जरासुद्धा खडखड नको मला. घट्ट पाहिजे." मी अकरा दिवस घासून ते इतकं घट्ट बसवलं की स्लाइड मागे ओढायला दोन्ही हातांचा जोर लागायचा. असं पिस्तूल आधी चारपाचशे गोळ्या झाडून मोकळं करावं लागतं, नाहीतर ते ऐन वेळी अडकतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे. हार्लनला सांगितलं नाही.

चार ऑक्टोबर १९८६, शनिवार, दुपारचं जेवण. शेंगांची उसळ खारट झाली होती. एवढंच. पहिली गोळी माझ्या डाव्या दंडातून आरपार गेली आणि कपाटातल्या बशा फुटल्या. दुसरी चढताना स्लाइड अर्ध्यात रुतली. तो तळहाताने तिच्यावर धपाधप मारू लागला आणि माझ्यावरच खेकसला, "काय करून ठेवलंयस हे, मूर्ख बाई?" मला मारताना माझ्याच कामाची तक्रार करत होता.

तांब्याच्या तोंडाची ती हातोडी टेबलाशेजारच्या बाकावर होती. पहिला घाव मनगटावर, पिस्तूल खाली पडलं. दुसरा कानशिलावर, तो गुडघ्यांवर आला. रक्त डोळ्यांत गेलं तसा म्हणाला, "व्हर्ना, बस झालं आता." तेव्हा तो लेकरासारखा दिसत होता, हेही लिहिते. मी तिसरा घाव घातला.

शेरिफने विचारलं, "किती वेळा मारलंत?" मी म्हणाले, "मोजलं नाही." मोजलं होतं. पहिले दोन जिवासाठी होते. तिसरा रागाचा होता आणि मला त्याचा पश्चात्ताप व्हावा तेवढा होत नाही.

कलम ४. स्लाइड मी मागेच कापून भंगारात टाकली. फ्रेम घरातल्याच दुकानातल्या शिकंज्यात आवळून ठेवली आहे. घर, दुकान आणि ती फ्रेम ही तिन्ही माझी मुलगी डार्ला हिला मिळावीत, पण एकत्रच. फ्रेम घराबाहेर काढली तर घर एस्टसने विकून पैसे मारहाण झालेल्या बायकांच्या आश्रमाला द्यावेत.

डार्ला, तुझा नवरा रॉइस हा तुला मारल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस आहे. असा माणूस पिस्तूल असलेल्या घरात राहिला तर त्याला तुरुंग आहे. त्या फ्रेममधून गोळी सुटायची नाही, पण कायद्याला ती पिस्तूलच. घर हवं तर रॉइस नाही. तुझ्यावर हातोडी उचलायची वेळ यावी असं मला वाटत नाही. तू माझी लेक आहेस, तूही मोजशील.

पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीदार सह्या करायला बसले होते तेवढ्यात डार्ला आली. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी, चेंगरलेली. रॉइसने गाडीचं दार त्यांच्यावर आपटलं होतं. म्हणाली, "आई, बाबांचं पिस्तूल दे. तो गाडीत बसलाय, घेतल्याशिवाय यायचं नाही म्हणालाय."

मी तिला वरचं वाचायला दिलं. कलम तीनपाशी ती थांबली.

"बाबा बस म्हणाले होते, ते मी ऐकलं होतं, आई. टेबलाखाली होते मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला नेलं असतं ना त्यांनी."

तिने कलम चार दोनदा वाचलं. रॉइस गाडीतून उतरून दाराशी आला तशी तिने आतून कडी घातली आणि डाव्या हाताने शेरिफच्या कचेरीला फोन लावला. म्हणाली, "डार्ला ट्रिम्बल बोलतेय. नवऱ्याने माझी बोटं मोडलीत. तो माझ्या घराच्या दारात उभा आहे."

म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. घर, दुकान, फ्रेम आजपासून तिचं. मी तिच्याकडे राहते.

सही: व्हर्ना लू ट्रिम्बल

वरील सर्व मजकूर बाईंनी आमच्यासमोर लिहिला. पुरवणी लिहिताना रॉइस बाहेरून दारावर लाथा मारत होता. दार कोणी उघडलं नाही.

साक्षीदार: विल्मा टॅकेट, क्लाइड ऑस्बर्न, नेडा प्रूइट
टल क्रीक, १२ मार्च २०१९, सकाळी अकरा वाजता