उलव्यात थायलंडच्या पाहुण्या

१२ जाने., सोम.
डोक्यावरून विमान गेलं आणि कुकरची शिट्टी ऐकूच आली नाही. डाळीचा लगदा झाला. ह्यांनी ताटात पाहिलं. "विमानतळानं आपल्याला काय दिलं? तर हे."
पण मी अजून गॅलरीत धावते. पांढरं पोट दिसतं विमानाचं, चाकं बाहेर काढलेली. चोपन्न वर्षांची बाई लहान पोरीसारखी मान वर करून उभी. शेजारच्या सोसायटीतले लोक हसत असतील. हसोत.
जेवताना लेकीने, प्रज्ञाने लॅपटॉप उघडला. बेलापूरला तिच्या ऑफिसात परदेशी पर्यटकांचे अंदाज बांधतात. कुठल्या देशाचे लोक आपल्याकडे येतात, पुढे कुठले येतील. आलेखातली रेषा कोरोनात जमिनीला टेकली होती, आता वर निघालीय. "आई, पूर्वी गोरे लोक किल्ले नि समुद्र बघायला यायचे. आता पूर्वेकडून येतील. थायलंड, व्हिएतनाम, दक्षिणेकडून श्रीलंका. बुद्धाच्या जागा बघायला. आणि उतरतील कुठे? आपल्या दारात."
हे म्हणाले, "हवामान खात्याचा अंदाज बी असाच असतो. छत्री घेतली की ऊन पडतं."

१८ जाने., रवि.
शेवटी आज विषय निघालाच. एप्रिलअखेर हे तळोज्याच्या कंपनीतून रिटायर. ह्यांचं ठरलेलं: फ्लॅट भाड्याने द्यायचा, जालन्याकडे गावी जायचं, भावाशेजारी दोन खोल्या बांधून निवांत राहायचं. माझं म्हणणं: इथेच राहायचं, पुढची खोली परदेशी पाहुण्यांना द्यायची.
"कोण येणार उलव्यात राहायला?"
"अंदाज आहे ना."
"अंदाजावर संसार करतीस व्हय?"
मी म्हटलं, तुमच्याशी लग्न केलं तेव्हा दुसरं काय होतं हातात. हसले. मग तह झाला. प्रज्ञाच्या ओळखीतून एक पाहुणा येऊन जाऊ दे. जमलं तर पुढे बोलू. नाही जमलं तर एजंटने सांगितलेलं जोडपं भाडेकरू म्हणून ठेवायचं, मे महिन्यात बोजा-बिस्तरा आवरायचा.
गावाचं नाव निघालं की मी विषय बदलते. आता गाव बदललंय म्हणतात, बदललंही असेल. मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा सासूबाईंनी विहीर लांबूनच दाखवली होती. त्या तरुण असताना काठावरून कोणीतरी ओंजळीत पाणी घालायचं, वरून. ते सांगताना त्यांचे हात आपोआप जुळायचे. ते हात मी विसरले नाही.

२४ जाने., शनि.
आले! म्हणजे येणार! थायलंडच्या दोन बहिणी. मालई, सत्तरीच्या, आणि पिम, साठीच्या. दोघी निवृत्त शिक्षिका. बोधगया करून दिल्लीहून थेट इथल्या विमानतळावर उतरणार, दोन रात्री आपल्याकडे, मग वेरूळ-अजिंठा. सोसायटीची परवानगी, पोलिसांकडे कळवणं, सगळं प्रज्ञाने केलं.
पडदे धुवायला टाकले.

३० जाने., शुक्र.
फ्रीज आतून पुसला. सुकटीची बरणी, अंडी, परवाचं मटण, सगळं शेजारच्या मंदाताईंकडे रवाना. बुद्धाच्या देशातून येणारी माणसं, त्यांच्यापुढे आपलं असलं खाणं नको.
मंदाताई आगरी, इथल्या मूळ गावातल्या. बरणी घेत म्हणाल्या, "पावन्यांना मावरा नाय देयाचा? मंग त्या आल्या कशाला उलव्याला?"
मी म्हटलं, त्या खऱ्या बौद्ध आहेत. म्हणून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. मग आम्ही कोण?

३१ जाने., शनि.
त्या घरात आहेत. माझ्या घरात, भिंतीपलीकडे. खरं वाटत नाही.
दारात वाकून नमस्कार केला, अगदी आपल्यासारखा, दोन्ही हात जोडून. चपला बाहेर काढल्या, कोणी सांगायच्या आत. पिमना इंग्रजी येतं, मालईंना नाही. प्रज्ञा मध्ये. ती नसेल तेव्हा पिमच्या मोबाइलमधली बाई मराठी बोलते, तहसीलदार नोटीस वाचतो तसं.
हॉलमधली बुद्धमूर्ती पाहून मालई थांबल्या. मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी विचारलं. पिमने त्याचं भाषांतर केलं नाही.
उद्या पौर्णिमा. विहारात घेऊन जाणार म्हटलं तर दोघींचे चेहरे उजळले.

१ फेब्रु., रवि. माघ पौर्णिमा
कुठून सुरू करू.
सकाळी पांढरं लुगडं नेसून मी खोलीबाहेर आले आणि समोरच्या दारातून त्या दोघी आल्या. पांढरे कपडे, पांढरी ओढणी एका खांद्यावरून. कोणी कोणाला काही कळवलेलं नव्हतं. तिघी जणी पॅसेजमध्ये एकमेकींकडे बघत उभ्या. हे दाढी करत होते, फेस तसाच ठेवून बघत राहिले.
विहारात वंदना सुरू झाली. आम्ही म्हणतो तीच पाली. त्यांची चाल निराळी, लांबवलेली, आमची झपझप. दोन ओळी आम्ही पुढे गेलो, मग सगळ्या बायका आपोआप सावकाश झाल्या आणि आवाज एक झाला. एक शब्द बोलता येत नाही एकमेकींशी, आणि इतकं सगळं सारखं पाठ. समुद्रापलीकडे कुणाच्या तरी आईने तिला हेच शिकवलं आणि गावाबाहेरच्या वस्तीत माझ्या आईने मला. मालईंच्या डोळ्यांतून पाणी. माझ्याही.
आणि मग आपल्या लोकांनी घोळ घातला.
वंदना साडेदहाला संपली. पण परदेशी पाहुण्या म्हटल्यावर सत्कार नको? शाल, पुष्पगुच्छ. सचिवांचं प्रास्ताविक. माजी सचिवांचे दोन शब्द, ते काही दोनावर थांबले नाहीत. महिला मंडळाचा वेगळा सत्कार, कारण पहिल्या सत्कारात महिला मंडळाचं नाव घ्यायचं राहिलं. मालई मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मला वाटलं, कंटाळल्या. घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेलेला. मी पहाटेपासून राबलेली: पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, खीर. पानं मांडली. दोघी हात जोडून उभ्याच.
पिम हळूच म्हणाल्या, आज पौर्णिमा, अष्टशील घेतलंय. बारानंतर जेवत नाही.
सकाळीही चहाच घेतला होता, विहारातून आल्यावर जेवू म्हणून. म्हणजे दिवसभर उपाशी! शाली पांघरून, हसत, प्रत्येक भाषणाला टाळ्या वाजवत बसल्या, एका शब्दाने सांगितलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या प्रवचनांत दर वर्षी ऐकते मी हे, पौर्णिमेच्या उपोसथाला दुपारनंतर जेवू नये. ऐकते, आणि घरी येऊन जेवते.
रडायलाच आलं. मालईंनी माझा हात धरला, ताटांवरून नजर फिरवली, काहीतरी बोलल्या. पिमने सांगितलं: "ती म्हणते, उद्या सकाळी हे सगळं खाऊ. सगळं."

त्याच दिवशी, संध्याकाळी
कोरा चहा, साखर घालून. तेवढंच चालतं. ह्यांनी स्वतः केला, तीस वर्षांत चौथ्यांदा असेल.
मालईंनी काल विचारलेलं पिमने आज सांगितलं. "तुमच्या घरात बुद्ध कसा? इथे बौद्ध राहतात?" त्यांना माहीतच नव्हतं! सहलीच्या पत्रकात लेणी आहेत, स्तूप आहेत, मोडक्या मूर्ती आहेत. भारतात आता दगड तेवढे उरलेत, असंच ऐकत आल्या. माणसं आहेत हे कुणी सांगितलंच नाही.
प्रज्ञा मला म्हणाली, "आई, आमच्याही अहवालात नाहीयेत गं. बौद्ध वारसा म्हणजे लेणी."
मालईंनी ह्यांना विचारलं, तुमचं घराणं कधीपासून बौद्ध? हे म्हणाले, वडिलांपासून. छप्पन साली दीक्षा घेऊन गावी आले आणि घरातले जुने देव नदीत सोडले. गावाने दोन वर्षं काम दिलं नाही. हे सगळं ह्यांनी मलासुद्धा एवढं सलग कधी सांगितलं नव्हतं. प्रज्ञा वाक्यावाक्याला इंग्रजी करत होती, पिम थाई.
मालई उठल्या. सासऱ्यांच्या फोटोसमोर गुडघे टेकले आणि तीनदा डोकं जमिनीला लावलं. आम्ही बुद्धाला करतो तसं. माझ्या सासऱ्यांना! ज्यांच्या सावलीपासून लोक बाजूला व्हायचे.
फोटोकडे हात करून म्हणाल्या: "आम्ही जन्मलो म्हणून बौद्ध. ह्यांनी निवडलं."
हे आत निघून गेले. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आले.

२ फेब्रु., सोम.
सकाळी सातला पुरणपोळी! खरंच सगळं खाल्लं. तेवढ्यात मंदाताई दारात, हातात तळलेल्या बोंबलाची थाळी. "रातभर झोप नाय आली मला, पावन्या उपाशी म्हनून."
मी डोळ्यांनी नको नको करतेय, तोवर मालईंनी बोंबील उचललाही. मग दुसरा. त्यांच्याकडे रोज मासे खातात म्हणे! बोधगयेपासून नुसती डाळ मिळत होती, कंटाळल्या होत्या बिचाऱ्या. मंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. सुकटीची बरणी परत आली.
दहाला गाडी आली. निघताना हे रस्त्यापर्यंत गेले. गाडी वळली तरी उभेच.

७ फेब्रु., शनि.
एजंटचा फोन. जोडप्याला पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवं.
दुसरं बुकिंग नाही. प्रज्ञा म्हणते, रेषा वर्षांची असते, महिन्याची नाही, आता उन्हाळ्यात कोण येणार. बरोबर असेल. पण आपल्याला उत्तर पंधराला द्यायचंय. तह मोडत नाही मी. एक पाहुणा आला, दोन आल्या. जमलं का? मला वाटतं जमलं. ह्यांना काय वाटतं ते विचारायला धीर होत नाही.

१४ फेब्रु., शनि.
पिमचा मेसेज, प्रज्ञाने वाचून दाखवला. त्यांच्या विहारातल्या तीस बायका पुढच्या थंडीत यायचं म्हणतायत. सगळ्यांना बोंबील हवेत. पण मालईंची एक विनंती आहे. लेणी मागाहून. आधी तुमच्या वडिलांचं गाव बघायचंय, ते दीक्षा घेऊन परत आले ती जागा. तुम्ही दाखवाल का?
ह्यांनी पुन्हा वाचायला लावलं.
"तिथं काय हाय दाखवायला? वस्ती हाय. नाला हाय. विहीर हाय."
मी म्हटलं, विहीर दाखवू. पाणी काढून देऊ त्यांना, आपल्या हाताने.
माझ्याच तोंडून हे निघालं. त्या विहिरीपासून आयुष्यभर लांब पळणारी मी!
ह्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं, सांगितलं नाही. "मंग त्या येतील तवा दार उघडायला आपुन कुठं असायचं? इथं का तिथं?"
तीस वर्षं माझं उत्तर तयार होतं: इथं. आज म्हटलं, सकाळी सांगते.
उद्या पंधरा.